न दिलेली मंजुरी

एका औद्योगिक वसाहतीत घरघंट्या बनवणारा एक कारखाना होता. घरघंटी म्हणजे घरच्या घरी पीठ दळायची, छोट्या कपाटाएवढी विजेवरची गिरणी. कारखान्याचे मालक मगदूम सरळमार्गी गृहस्थ होते आणि त्यांची घरघंटी आसपासच्या चार तालुक्यांत नावाजलेली होती.

यंत्राचा एखादा भाग बदलायचा झाला, अगदी एक स्क्रू जरी, तरी त्याचं नवं ड्रॉइंग लाल फायलीत घालून टेबलाटेबलावर फिरवायची तिथली रीत होती. आधी डिझाइनवाले, मग खरेदीवाले, मग जोडणीवाले आणि सगळ्यात शेवटी तपासणीच्या बाकावर शेवंताक्का. शेवंता ऐवळे त्या बाकावर बावीस वर्षं होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय नवा भाग यंत्रात बसत नसे, आणि अक्का नुसता कागद बघून सही करत नसत. नमुना मागवत, तो पिठात घोळवत, पन्नास वेळा दाबून बघत. शंका आली की फायलीत प्रश्न लिहीत आणि फाइल परत पाठवत. कधी कधी फाइल तीन आठवडे फिरे. ती अक्कांकडे आहे असं कळलं की खरेदीवाले कपाळाला हात लावून बसत.

मग मालकांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. यंत्राच्या प्रत्येक भागाचं ड्रॉइंग आणि त्यातला प्रत्येक बदल त्यात नोंदलेला राहणार होता. फाइल फिरवायचं कामही तेच करणार होतं. ती कुठून कुठे जायची, कुणाकडे थांबायची, कुणी काय म्हटलं तर पुढे काय व्हायचं, एवढं मात्र कुणीतरी एकदा ठरवून द्यायला हवं होतं. अशा ठरवून दिलेल्या वाटेला टेम्प्लेट म्हणतात. ते बनवायचं काम हेरंब साठ्ये या तरुण इंजिनिअरकडे आलं.

हेरंब हुशार होता. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडत नसे, तो स्वतःच सांगे.

मालक त्याला म्हणाले, "साठ्ये, तीन आठवड्यांचं काम पाच दिवसांवर आणून दाखवा. अख्खा विभाग तुमच्या हाताखाली देतो."

हेरंब झपाटून कामाला लागला. पडद्यावर चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले. प्रत्येक माणसाला दोन बटणं दिली, मंजूर आणि नामंजूर. खाली शेरा लिहायला एक रिकामी जागा ठेवली. ती कुणी वाचायची, हे काही त्याने ठरवलं नाही.

पहिलं ड्रॉइंग निघालं आणि एका दिवसात तीन टेबलं ओलांडून अक्कांच्या पडद्यावर जाऊन थांबलं. अक्कांनी एका बोटाने टाइप करायला नुकतंच शिकून घेतलं होतं. त्यांना मंजूरही म्हणायचं नव्हतं आणि नामंजूरही. त्यांना विचारायचं होतं. म्हणून त्यांनी शेऱ्याच्या जागेत प्रश्न लिहिला आणि उत्तराची वाट बघत बसल्या. दुसऱ्या ड्रॉइंगचं तेच झालं, तिसऱ्याचंही तेच.

हेरंबला वाटलं, बाई मुद्दाम खोडा घालते आहे. त्याच्या खोलीपासून अक्कांचा बाक चाळीस पावलांवर होता. जाऊन बोलला असता तर प्रकरण चहाच्या एका कपात मिटलं असतं. पण आपण बनवलेल्या वस्तूविषयी कुणाला जाऊन विचारायचं, म्हणजे ती अपुरी आहे हे कबूल करायचं, आणि ते त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी त्याने टेम्प्लेटमध्ये गुपचूप एक नियम घातला. दोन दिवसांत कुणी बटण दाबलं नाही, तर त्या माणसाची मंजुरी आहे असं धरून ड्रॉइंग आपोआप पुढे जाईल. अक्कांना सांगावं, असं एकदा त्याच्या मनात आलं होतं. मग त्याने विचार केला, सांगितलं तर वाद घालतील, सांगू नंतर कधीतरी.

त्यानंतर ड्रॉइंग पाच दिवसांत फिरू लागलं. मालकांनी पेढे वाटले आणि हेरंब विभागप्रमुख झाला.

महिनाभराने घरघंटीच्या दाराचा स्विच बदलायचं ठरलं. आतली पाती गरगर फिरत असताना कुणी दार उघडलं, तर याच स्विचमुळे यंत्र जागच्या जागी थांबतं. जुना लोखंडी होता, नवा प्लास्टिकचा आणि दिसायला छान. ड्रॉइंग अक्कांकडे आलं तेव्हा त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "ह्यात पीठ गेल्यावर बटण अडकतं काय? नमुना पाठवा." तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग त्यांच्या पडद्यावरून गेलं. जुन्या रीतीने प्रश्न लिहिला की फाइल परत जायची आणि उत्तर घेऊन यायची. आताही ती तशीच परत गेली असेल, असं अक्कांनी धरलं. त्यांच्या बाकावर फक्त नव्या भागांचे नमुने येत. तयार यंत्रं मागच्या शेडमधून थेट खोक्यात जात, त्यामुळे तो स्विच यंत्रांना बसल्याचं त्यांना कळलंच नाही.

हेरंबने तो प्रश्न वाचला होता. बघू नंतर, असं म्हणून त्याने ते पान बंद केलं होतं.

शेजारच्या तालुक्यात जुबेदा शिकलगार नावाच्या बाई राहत. गल्लीतल्या घरांचं दळण दळून देऊन त्या संसाराला हातभार लावत. जुनी घरघंटी बदलून त्यांनी नुकतीच याच कारखान्याची नवी घेतली होती. एका सकाळी पीठ अडकलं म्हणून त्यांनी सवयीने दार उघडून आत हात घातला. दार उघडलं की पाती थांबतात, एवढं त्यांना माहीत होतं. पाती थांबली नाहीत. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

कारखान्यात बैठक बसली. जुबेदाबाईंच्या यंत्रातून काढून आणलेला स्विच पिठाने गच्च भरून अडकला होता, हे सगळ्यांसमोर उघडून दाखवलं गेलं. मग मालकांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंद उघडायला सांगितली. तिथे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शेवंता ऐवळे, मंजूर'.

"मी न्हाई दाबलं मंजूर," अक्का म्हणाल्या. "मी तर प्रश्न लिवला हुता."

मालकांनी तो प्रश्नही शोधून वाचला आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. "म्हणजे शंका होती तुम्हाला. तरी मंजूर केलंत?"

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचंच नाव होतं, दिवस आणि वेळसुद्धा होती. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याच हातनं दाबलं गेलं असंल, मालक. मला कुठं धड येतंय त्यातलं? ते काय खोटं बोलणार हाय?"

हेरंब त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या तोंडात तयारही होतं. पण त्याला इतकी लाज वाटली की तोंड उघडवेना, आणि उघडलं नाही याची लाज वर साठत गेली. मालकांनी अक्कांना बाकावरून काढून खोकी बांधायच्या कामावर पाठवलं. बावीस वर्षांचं नाव पाव तासात गेलं आणि हेरंबने ते खाली मान घालून जाऊ दिलं.

अक्का एवढंच म्हणाल्या, "त्या बाईंच्या घरी मला एकदा जाऊ द्या."

ते यंत्र परत आणायला हेरंबला जायचंच होतं. मालकांनी दोघांना एकाच गाडीने पाठवलं. वाटेत अक्का त्याच्याशी चांगलं बोलल्या. आईची तब्येत विचारली. डब्यातली भाकरी पुढे केली. हेरंबने ती घेतली आणि न खाता कागदात गुंडाळून ठेवली.

जुबेदाबाई दाराशीच बसल्या होत्या. हाताला पट्टी होती. अक्कांनी त्यांच्यापुढे वाकून हात जोडले.

"ताई, मी बिनबघता मंजूर म्हटलं, म्हणून तुमच्यावर ही पाळी आली. जमलं तर माफ करा मला."

जुबेदाबाईंनी डाव्या हाताने अक्कांचा हात धरला. "असं नका करू, मावशी. चुकून झालं असेल. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय?"

हेरंब कोपऱ्यात यंत्राला दोरी बांधत होता. त्याचे हात थांबले. चुकीची माफी मिळत होती, आणि ती मिळत होती चूकच न केलेल्या बाईला. मुद्दाम करणारा दोरी धरून उभा होता. तो पुढे आला. आपल्याला काय बोलायचं आहे हे त्याला कळत होतं, कसं बोलायचं ते कळत नव्हतं.

"अक्कांनी मंजूर केलंच नव्हतं," तो म्हणाला.

"मग कुणी केलं?" जुबेदाबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. दोन दिवस कुणी गप्प राहिलं की त्याने मंजूर केलं असं धरायचं, हे मी ठरवलं होतं. अक्कांना सांगितलं नव्हतं. त्यांचा प्रश्न मी वाचला होता. बैठकीतही मला हे माहीत होतं."

जुबेदाबाईंनी पट्टीचा हात ओढणीखाली घेतला. अक्का रागावतील, शिव्या देतील, असं हेरंबला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी गप्प न्हवते, साहेब," अक्का म्हणाल्या. "मी तुमच्या उत्तराची वाट बघत हुते."

त्याच दुपारी हेरंबने मालकांना सगळं सांगितलं. विभाग त्याच्याकडून गेला, तो स्विच बसवलेली सगळी यंत्रं परत बोलावली गेली आणि अक्का आपल्या बाकावर आल्या. मालकांनी भर शेडमध्ये सगळ्यांच्या देखत त्यांची क्षमा मागितली. टेम्प्लेटमधून तो नियम हेरंबनेच काढला आणि प्रश्न विचारायचं तिसरं बटण त्यात घातलं. उत्तर आल्याशिवाय ड्रॉइंग आता जागचं हलत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला करता आली नाही. अक्कांच्या नावापुढचा तो हिरवा शब्द त्याला पुसायचा होता. पण कुणी नंतर फेरफार करू नये म्हणून त्या सॉफ्टवेअरमधली झालेली नोंद कुणालाच पुसता येत नाही. तो मालकांकडे गेला, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे गेला, सगळ्यांनी नाही म्हटलं. शेवटी त्याने त्या नोंदीखाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं, "ही मंजुरी शेवंता ऐवळे यांनी दिलेली नाही. ती मी त्यांच्या नावावर घातली. हेरंब साठ्ये."

कारखान्यात नवीन आलेला माणूस ते ड्रॉइंग उघडतो तेव्हा त्याला आधी अक्कांचं नाव दिसतं. शेरा वाचायला आणखी खाली जावं लागतं. तो माणूस तिथवर जातो की नाही, हे हेरंब लांबून बघत राहतो, आणि दर वेळी त्याची मान खाली जाते.

तात्पर्य: दुसऱ्याने न दिलेला होकार त्याच्या नावावर घालू नये, काम लवकर उरकतं खरं, पण त्याची लाज जन्मभर पुरते.