यादीतली पहिली ओळ

"पण ओळखदेख नसलेल्या यंत्राला जागा द्यायचीच कशाला, बुवा?"

मठाच्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणारा निनाद मोठ्या ठसक्यात विचारत होता. नेटवर्कवर बोलायचं तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो. आजवर तो मागेल त्याला आपोआप मिळे. पठ्ठ्याने महिनाभर खपून ते बंद पाडलं. आता यंत्रं अठ्ठेचाळीस, पत्ते अठ्ठेचाळीस, मोकळा एकही नाही. प्रिंटरसुद्धा त्याने हाकलले होते.

अवधूतबुवांनी दीक्षेआधी वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं होतं. त्यांनी निनादने केलेली यंत्रांची यादी वाचली.

"बरं," एवढंच म्हणाले.

निनादला तेवढ्यानेही गुदगुल्या झाल्या.

इतक्यात कुंदा सिस्टर धापा टाकत दारात आल्या.

"सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ आलंय. उबेच्या पेटीत ठेवलंय. कपाटातला जादा मॉनिटर लावला, पण त्याचे आकडे माझ्या टेबलावर येत नाहीत. बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबतं, आणि मला आणखी सहा बाळं बघायचीत."

त्या आल्या पावली परत धावल्या.

त्या जादा मॉनिटरला द्यायला निनादकडे पत्ताच नव्हता. पत्ते वाढवायचे तर सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. तेवढी दहा मिनिटं बाकीच्या सहा बाळांचे आकडेही गायब.

"कुणाला तरी काढावं लागेल," तो पुटपुटला.

"काढ की."

निनादचं बोट यादीवरून सरकू लागलं. दुसऱ्या बाळाचा मॉनिटर... रक्ताचा फ्रीज... ऑपरेशनची खोली... प्रत्येक ओळीला कुणीतरी रोगी टेकलेला.

बुवांनी हात लांबवून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

ती ओळ निनादच्या लॅपटॉपची होती.

"हा काढला तर मला नेटवर्कच दिसणार नाही, बुवा. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं..."

बुवांचं बोट तिथेच.

निनादला त्यांचा संताप आला. पलीकडून सिस्टरांचा आवाज आला, "श्वास घे रे राजा, घे..." आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने आपलं नाव खोडून तिथे नवा मॉनिटर लिहिला. लॅपटॉपचा संपर्क तुटला.

...

"आले आकडे," सिस्टर आतूनच म्हणाल्या. "ऑक्सिजन ब्याण्णव. चढतायत."

निनाद कोऱ्या पडद्यासमोर बसून होता.

"महिन्याची मेहनत गेली, बुवा. आता मला काहीच दिसत नाही."

बुवा उठले.

"सिस्टरांना दिसतंय ना?"