कोरडा नवरदेव

अर्धंच सांगायचं, तेही घाईत. मग ऐकणाऱ्यानं नेमकं तेवढंच केलं, की त्याला मूर्ख म्हणून मोकळं व्हायचं. ही खोड कुणाची, ते ज्याचं त्यानं ओळखावं. भागोजीचा यात काडीचाही दोष नव्हता.

हा भोळा भागोजी घाटमाथ्यावरच्या वाघझरे गावात आपल्या पारूआत्याजवळ राहायचा. सांगितलेलं काम तंतोतंत करायचा, एवढाच त्याचा आजार. पठारापलीकडच्या आंबेटेक गावातल्या सगुणावर त्याचा जीव जडला होता. सगुणाचीही ना नव्हती. अडचण होती ती रीतीची. आंबेटेकची माणसं मुलगी देताना शेत विचारत नाहीत, शिक्षण विचारत नाहीत. नवऱ्या मुलानं श्रावणात एकट्यानं पठार ओलांडायचं आणि कोरड्या अंगानं त्यांच्या घरात पाऊल टाकायचं. पठारावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. धुकं बाह्यांतून शिरतं. तिथं ज्याला स्वतःचं अंग सांभाळता येत नाही, तो संसार काय सांभाळणार, असा त्यांचा हिशेब. त्यासाठी तीन सोमवार मिळतात. तिन्ही हुकले, की मुलगी दुसऱ्या घरी.

पहिल्या सोमवारी आत्यानं त्याला थरावर थर चढवले. आत पातळ सुती बंडी, त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यांत वर रेनकोट.

"घाम आला की एक काढ," असं म्हणून ती शेण काढायला गेली.

निम्म्या चढावर भागोजीला घाम आला. एक काढायचं, पण कुठलं? त्यानं नीट तपास केला. रेनकोटाला घाम आला नव्हता. स्वेटरलाही नव्हता. घाम आला होता बंडीला. मग त्यानं भर पावसात रेनकोट काढून दगडावर ठेवला, त्यावर स्वेटर ठेवला, आणि बंडी काढून तिची व्यवस्थित घडी घातली. उरलेले दोन कपडे पुन्हा चढवले, तेव्हा स्वेटरमधून ओढा वाहत होता. शिंकत शिंकत तो अर्ध्या वाटेवरून घरी आला.

आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, आतलं नाही, वरचं काढायचं. चढ लागला की वरचं काढत जा. वारा लागला की परत घाल."

"हे आधी सांगायचं ना, आत्या," भागोजी म्हणाला.

दुसऱ्या सोमवारी पावसानं उघडीप दिली होती. चढ लागला, भागोजीनं वरचं काढलं. पठारावर वारा लागला, त्यानं परत घातलं. पलीकडे पुन्हा पाऊस लागला, पण थेंबभर पाणी आत गेलं नाही. आंबेटेकला तो ठणठणीत कोरडा पोचला. सगुणाच्या घराला चार पायऱ्या. पायऱ्या म्हणजे चढच. पहिल्या पायरीवर त्यानं रेनकोट काढला, दुसरीवर स्वेटर, तिसरीवर बंडी. दारात ओवाळायला उभ्या असलेल्या सगुणाच्या आईनं हे तीन पायऱ्या सोसलं. चौथ्या पायरीवर त्याचा हात पायजम्याच्या नाडीकडे गेला, तेव्हा तिनं दार लावून घेतलं. भागोजी पायरीवरच भिजला.

आत्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. "लोकांच्या पायऱ्यांवर कपडे काढतात होय रे? डोंगरावर काय करायचं ते कर. दारात पोचलास की एवढंच ध्यानात ठेव. ओलं ते बाहेर ठेव, कोरडं तेवढं आत ने. आता चुकलास तर सगुणा गेली म्हणून समज."

"हे आधी सांगायचं ना, आत्या."

तिसऱ्या सोमवारी पठारानं कुठलीच कसर ठेवली नाही. वारा असा, की बगळे उलटे उडत होते. पण भागोजीनं काढायचं तिथं काढलं, घालायचं तिथं घातलं. दारात पोचल्यावर ओला रेनकोट बाहेरच्या खुंटीला टांगला आणि कोरडा भागोजी आत नेला. सगुणाच्या बापानं, बयाजीनं, त्याची पाठ चाचपली, बाह्या चाचपल्या, मान हलवली. आईनं हातावर साखर ठेवली. लग्न ठरलं. चुलीपाशी बसलेले बयाजीचे म्हातारे चुलते, संतूआबा, तेवढे आपले तळपाय शेकत राहिले.

मग घरात धांदल उडाली. बयाजी भावकीला बोलवायला गेला. आई पाण्याला गेली. सगुणा परसात अळू खुडायला गेली. बाहेर धो धो चाललेलं.

आधी कुत्रं आलं. ओलं होतं. भागोजीनं त्याला बाहेर ठेवलं. मग आई आली. भागोजीनं तिची घागर उतरवून घेतली, तिला धरून अदबीनं ओसरीवर नेलं. सगुणा आली, केसांतून पाणी निथळत होतं. तिला बाहेर ठेवताना त्याला फार वाईट वाटलं. पण तिच्यासाठीच तर एवढं चाललं होतं. शेवटी बयाजी आला, मागे भावकीची अकरा माणसं, सगळी चिंब. एकेकाला कुठं धरत बसणार? भागोजीनं दाराला कडी घातली.

बाहेर दार धडधडायला लागलं. बयाजी आबांना हाका मारून कडी काढायला सांगत होता.

संतूआबांनी तळपाय विस्तवाजवळ नेले. "थांब रे जरा," ते बाहेरच्या बयाजीला म्हणाले. "चाळीस वर्षं सांगतोय, ओल्या अंगानं माझ्या चुलीपाशी येऊ नका म्हणून. या घरात माझं ऐकणारा पहिला माणूस आज आलाय."