मानाची मूठ

कोणे एके काळी, मेंढ्या मुक्या होत्या आणि म्हातारे मात्र बोलायचे थांबत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी गालिचे विणणारं एक गाव होतं. राजाच्या दरबारात अंथरायचा गालिचा तिथंच व्हायचा. त्या बदल्यात राजानं गावाला नदीकाठचं कुरण दिलं होतं. गालिचा बिघडला तर कुरण जाणार. कुरण गेलं की मेंढ्या जाणार, आणि मेंढ्यांमागून गाव.

त्या गावात ठकू नावाची तरुण विणकरीण होती. हात चलाख, तोंड त्याहून चलाख.

मेंढ्या कातरायच्या, लोकर धुवायची, पिंजायची, कातायची, मग रंगवायची. प्रत्येक वेळी ती तुटते का ते ओढून बघायची, अशी गावची रीत. फक्त मानाची मूठ कुणी ओढायची नाही. थोर मंडळी, म्हणजे गावातले म्हातारे, आपापल्या कळपातली लोकर द्यायची, तिला मानाची मूठ म्हणत. म्हणायची मूठ, असायची टोपली. तिचंच लाल कमळ गालिच्याच्या मधोमध विणायचं. तिच्यावर शंका घेणं म्हणजे थोरांच्या तोंडावर थुंकणं.

त्या वर्षी मेंढ्यांत रोग शिरला. ठकूनं मागावर कमळाची पहिली गाठ मारली आणि सूत तटकन तुटलं. दुसरंही तुटलं. बोटांत चोळलं तर भुसा झाला.

तिनं गावातल्या सगळ्यात थोरल्या म्हाताऱ्याला मागापाशीच बोलावलं. "आबा, ही मेलेल्या मेंढीची लोकर आहे. रंग धरत नाही म्हणून दोनदा बुडवलीय."

"पोरी, मी कमळं विणत होतो तेव्हा तुझा बाप रांगत होता."

"बाप रांगत होता म्हणून मेलेली मेंढी जिवंत होते का?"

मागावरच्या बाया फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

आबा लालबुंद झाले. "गाठ मार, नाहीतर मागावरनं ऊठ."

ठकू उठली. एकटीच. मागावरनं उठलेल्या बाईला त्या गावात पुन्हा बोलावत नसत. नदीवर घाण लोकर धुवायचं काम तिच्या वाट्याला आलं. बाकीच्यांनी माना खाली घालून कमळ विणलं.

गालिचा मागावरून उतरला आणि शेवटच्या धुण्यासाठी नदीवर आला. पाणी ओतलं, लाकडी फळीनं घासलं. पाणी लाल झालं. काठ जसेच्या तसे राहिले, पण कमळ गळून गेलं. मधोमध नुसते ताण्याचे उभे दोरे, बरगड्यांसारखे.

"नजर लागली," एक म्हातारा म्हणाला. चूक करून नजरेवर ढकलायला वय लागतं.

गालिचा न्यायला राजाची माणसं वाटेत होती. आबा ठकूजवळ आले. "झालं गेलं विसर. तुझ्याएवढं झरझर कुणी विणत नाही. बस मागावर."

"कशानं विणू? लोकर कुठाय?"

"सरली."

"सरली कशी? तुमच्या खांद्यावर आहे की!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रत्येक म्हाताऱ्याच्या खांद्यावर कोरी काळी घोंगडी होती. जित्या मेंढीची लोकर स्वतःला, मेलेलीची मानाच्या मुठीला.

"या थंडीत म्हाताऱ्यांना उघडं पाडतेस?" आबा ओरडले.

"तुम्ही गावाला उघडं पाडलंत. उसवा ती घोंगडी, नाहीतर राजाला सांगा काय सांगायचं ते."

कुणीतरी तिला दटावेल म्हणून आबा वाट बघत राहिले. कुणी दटावलं नाही. उलट मागावरच्या बाया एकेक करून ठकूच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आबांनी घोंगडी काढली. मग बाकीच्यांनीही.

रंगवायला वेळ नव्हता. ठकूनं काळंच कमळ विणलं.

दरबारात राजानं विचारलं, "लाल कमळ काळं कसं झालं?"

"थोरांच्या अंगावरची लोकर आहे, महाराज," ठकू म्हणाली. "या खेपेला त्यांनी खरोखरच दिली."

राजानं टाचेनं घासून पाहिलं. एक केस निघाला नाही. कुरण राहिलं.

आबांनी ठकूला कधी माफ केलं नाही, आणि तिनंही माफी मागितली नाही. त्या गावात आता सगळ्यात आधी मानाचीच मूठ ओढून बघतात.

तात्पर्य: मूठ किती म्हातारी आहे ते बघू नका, तिच्यात काय आहे ते बघा, आणि मगच मान द्या.