अकरा कागद आणि ताकभात

एकदा एका शिष्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, एकट्याने हौसेच्या प्रवासाला जायचे ठरवले. शिष्य म्हटल्यावर वाचकांनी डोळ्यांसमोर कोवळा ब्रह्मचारी आणू नये. हे गृहस्थ बावन्न वर्षांचे होते. नाव त्र्यंबक. सरकारी कचेरीत रस्त्यांचे आणि मोऱ्यांचे आराखडे काढत, आणि दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे तर्कशास्त्र शिकायला जात. लग्न झाले नव्हते. तीस वर्षे घरात ते आणि आई अशी दोनच माणसे होती, आणि गेल्या श्रावणात आईही गेली.

आई असताना घराबाहेर पाऊल टाकायचे म्हणजे एका प्रश्नाला तोंड द्यावे लागे. "कधी येशील?" कोथिंबीर आणायला निघाले तरी तोच प्रश्न, कचेरीच्या कामाला परगावी निघाले तरी तोच. त्र्यंबक वैतागत, "येईन गं कधीतरी," असे तुटक उत्तर देत आणि पायांत चपला सरकवत. आता कोणी विचारत नव्हते. पहिले काही महिने त्यांना सुटल्यासारखे वाटले. मग घर खायला उठू लागले. या मोकळेपणाचे करायचे काय, हे काही त्यांना उमगेना. तेव्हा त्यांनी लांबलचक रजा काढली आणि दक्षिणेच्या समुद्रातले एक बेट निवडले. बेटावर माडांच्या राया होत्या, धबधबे होते, टोकाला दीपगृह होते आणि मधोमध घनदाट रानाचा डोंगर होता. हे सगळे पायी हिंडून पाहायचे आणि तेही एकट्याने, असा त्यांचा निश्चय होता.

निश्चय झाल्यावर आराखडा आलाच. महिनाभर खपून त्यांनी अकरा कागद लिहून काढले. त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब होता. सहा वाजून दहा मिनिटांनी चहा, सहा पंचवीसला धबधब्याकडे प्रस्थान, आठ चाळीस ते नऊ पंधरा धबधबा पाहणे. धबधब्यानेही पस्तीस मिनिटांत आटोपते घ्यावे, अशी अपेक्षा असावी. जळवांसाठी मीठ कोणत्या खिशात, पिण्याचे पाणी कोणत्या वाडीत, दीपगृह कोणत्या वारी बंद, सगळी नोंद होती. पहिल्या कागदाच्या माथ्यावर लाल शाईने लिहिले होते, 'फोन बंद. कोणालाही कळवायचे नाही.' आणि अकराव्या कागदाच्या तळाशी होते, 'सातवा दिवस. शिखर. सूर्यास्त पाहणे.' त्याखाली पट्टीने आखलेली दुहेरी रेघ होती.

गुरुवारी त्र्यंबकांनी ते कागद मोठ्या अभिमानाने गुरुजींपुढे ठेवले. गुरुजींचे वय ऐंशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी अकराही कागद सावकाश वाचले, मग अकरावा पुन्हा वाचला.

"सूर्यास्त पाहून झाला," ते म्हणाले, "की उतरणार कसा?"

"म्हणजे... उतरेन की. विजेरी घेतली आहे."

"आणि परतीचं तिकीट?"

"ते अजून काढलं नाही, गुरुजी. बघू."

गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. त्र्यंबक उगाचच कागदांच्या कडा जुळवू लागले. खरे सांगायचे तर परतीचे तिकीट काढायचे का राहिले, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. दहा वेळा तपासलेल्या आराखड्यात ही एवढी मोठी गोष्ट सुटली होती आणि सुटली आहे हे लक्षात आल्यावरही हात तिकडे वळत नव्हता.

"रविवारी दुपारी निघतोयस ना?" गुरुजी म्हणाले. "आधी आमच्याकडे जेवायला ये. कागद घेऊन ये."

रविवारी गुरुजींच्या पत्नीने, माईंनी, साग्रसंगीत स्वयंपाक केला. वरणभात झाला, अळूची पातळ भाजी झाली, पोळ्या झाल्या. शेवटी माईंनी त्र्यंबकांच्या ताटात मऊ भात वाढला, त्यावर ताजे ताक ओतले, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली. त्र्यंबकांचा लहानपणापासूनचा नेम असा, की ताकभात झाल्याखेरीज जेवण झाले असे त्यांना वाटतच नसे. त्यांनी भात कालवला, पहिला घास उचलला.

"त्र्यंबका, ऊठ," गुरुजी म्हणाले.

घास हातातच राहिला. "काय म्हणालात?"

"ऊठ म्हटलं. हात धू. उरलेलं जेवण पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, दुपारी साडेबाराला. इथेच."

माई हातातले भांडे तसेच धरून उभ्या राहिल्या. "अहो, भरल्या ताटावरून माणसाला उठवतात का? प्रवासाला निघालेल्या माणसाला? काय झालंय काय तुम्हाला?"

गुरुजींच्या स्वतःच्या ताटातही भात वाढलेला होता. तो तसाच ठेवून तेही उठले, हात धुतले आणि पंचाला पुसत म्हणाले, "कागद आण इकडे. हे माझ्याकडे राहतील. तुला नकोत."

"अहो पण गुरुजी, सगळं त्यातच आहे!"

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले आणि अकरा कागद कोनाड्यात ठेवून दिले.

भरल्या ताटावरून उठवणे म्हणजे आपल्याकडे किती मोठा अपमान, हे सांगायला नको. सोयऱ्याधायऱ्यांतले अबोले अशा एका ताटावरून पिढ्यान्पिढ्या चालतात. त्र्यंबक अर्धपोटी आगगाडीत बसले तेव्हा त्यांना आधी राग आला, मग वाईट वाटले आणि तिसऱ्या स्थानकापर्यंत डोक्याचा पार भुगा झाला. गुरू शिंकले तरी शिष्यांना त्यात उपदेश सापडतो. त्यात हे तर्कशास्त्राचे शिष्य. धूर दिसला की अग्नी असणारच, या न्यायाने ते कारण शोधू लागले. गुरुजी रागावले असावेत? पण रागावलेला माणूस स्वतःच्या ताटावरून का उठेल? वैराग्य शिकवायचे असेल? मग उरलेल्या भाताची तारीख आणि वेळ कशाला दिली? वैराग्याला साडेबाराचे काय सोयरसुतक? योजना व्यर्थ आहे, हे सांगायचे असेल म्हणून कागद काढून घेतले असतील, तर ते इतके जपून कोनाड्यात का ठेवले? एक अनुमान मांडावे, तो त्याला छेद देणारे दुसरे उभे राही. बोटीत बसेपर्यंत त्यांनी तो नाद सोडला होता. पोटात मात्र काहीतरी अपुरे राहिल्याची जाणीव होती, आणि वाटेत तीनदा जेवूनही ती गेली नाही.

बेटावर पहिला दिवस त्यांनी आठवणीवर काढला. दुसऱ्या दिवशी गोंधळाला सुरुवात झाली. धबधबा आधी की मंदिर आधी, पाण्याची वाडी डावीकडची की उजवीकडची, काही केल्या आठवेना. दोन तास उन्हातून चालत ते दीपगृहाशी पोहोचले, तर दाराला कुलूप. त्या दिवशी दीपगृह बंद असते, हे त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते, फक्त ते अक्षर हजार मैलांवर गुरुजींच्या कोनाड्यात होते. त्र्यंबक पायरीवर बसले आणि त्यांना स्वतःचेच हसू आले. समोर हिरवा समुद्र पसरला होता. नाइलाजाने ते तो पाहत बसले आणि पाहता पाहता दुपार कलली. हे कोणत्याच कागदावर नव्हते. पुढचे चार दिवस ते पाय नेतील तिकडे गेले. एका वाडीत त्यांना कोणी शहाळे फोडून दिले, एका ओढ्यात ते कपड्यांसकट बसून राहिले. छान होते सगळे. तरी संध्याकाळी खोलीवर परतताना पावले मंदावत, कारण 'आज काय पाहिलंस?' असे विचारणारे कोणी नव्हते. एकटेपणासाठीच आलो आहोत आणि एकटेपणच टोचते आहे, हा काय प्रकार, ते त्यांना समजेना.

सातव्या दिवशी ते शिखराकडे निघाले. डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याची चौकी होती. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने वहीत नाव लिहून घेतले आणि मोडक्या हिंदीत विचारले, खाली कोणी वाट पाहते आहे का? त्र्यंबक चटकन म्हणाले, "कोणी नाही." रखवालदाराने मान हलवली आणि वहीतली ती जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेकडे पाहून त्र्यंबकांना का कोण जाणे, चोरी केल्यासारखे वाटले.

चढ अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. शेवाळलेले दगड, गुडघाभर मुळे, आणि वर मान करावी तर नुसते पानांचे छत. शेवटच्या कड्याखाली पोहोचायलाच साडेपाच वाजले. शिखर अजून पाऊण तासावर होते. पश्चिमेला आभाळ भरून आले होते. वर गेले तर सूर्यास्त कदाचित दिसेल, पण मग हीच निसरडी वाट अंधारात उतरावी लागेल. त्र्यंबक एका मुळावर बसले. इतक्या लांबून आलो ते याच एका दृश्यासाठी. अकराव्या कागदावरची शेवटची ओळ तीच, तिच्याखाली दुहेरी रेघ. आणि समजा, उतरताना पाय घसरला तर? कोणाचे काय अडणार आहे? हा विचार इतक्या शांतपणे मनात आला की ते दचकले. तो आज आलेला नव्हता. महिनाभर कागद लिहिताना तो शेजारीच बसलेला होता, आणि परतीचे तिकीट त्याच्यामुळेच राहिले होते.

त्यांना भीती वाटली. त्या भीतीत, तर्काला सोडून, त्यांना आठवला तो ताकभात. कालवलेला, लोणच्याच्या रसाने एका कडेला पिवळा झालेला. रविवारी साडेबाराला. माई ताट मांडतील, गुरुजी दाराकडे पाहतील. आपण नाही आलो, तर त्या ताटाचे काय करतील? उचलून ठेवतील? किती वेळाने उचलतील? हे प्रश्न तर्कशास्त्रात बसण्यासारखे नव्हते, पण एकाचेही उत्तर त्यांच्याने ऐकवले नसते. शिखराकडे पाठ करून ते उतरू लागले. चौकीशी पोहोचले तेव्हा झाडांखाली जेमतेम उजेड होता. थोड्याच वेळात डोंगरावर धो धो पाऊस कोसळला. वर गेले असते तर काय झाले असते, कोण सांगणार? कदाचित काहीच झाले नसते. त्र्यंबक भिजत भिजत धक्क्यावर गेले आणि परतीच्या बोटीचे तिकीट काढले.

रविवारी गाडीला उशीर झाला. पिशवी खांद्यावर घेऊन ते धावतपळत गुरुजींच्या दारात आले तेव्हा पावणेदोन वाजले होते. दोन ताटे मांडलेली होती. दोन्ही ताटांत फक्त भात होता. गुरुजी पाटावर न जेवता बसून होते आणि त्यांच्या मांडीवर ते अकरा कागद होते.

"आलास," ते म्हणाले. "बस."

माईंनी ताक ओतले. डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "पंधरा दिवस रोज सकाळी तुझे कागद काढून बसायचे. आज त्र्यंबक धबधब्याला, आज त्र्यंबक दीपगृहाला. सातव्या दिवशी तर सारखे येरझाऱ्या घालत होते. आणि ताकभात सोडला होता हो पंधरा दिवस. म्हणे, त्र्यंबक आला की."

त्र्यंबकांनी उचललेला घास ताटात ठेवला. "गुरुजी," ते म्हणाले, "मी खूप विचार केला. तरी तुम्ही ताटावरून का उठवलंत, कागद का ठेवून घेतलेत, ते मला नीट सांगता येणार नाही."

"अरे, यात अवघड काही नाही," गुरुजी म्हणाले. "बेटावर असताना आपण कुठे आहोत ते तुला डोळ्यांनी दिसणारच होतं. कागदाची गरज होती ती ज्याला दिसत नव्हतं त्याला, म्हणजे मला. आणि तुझ्या अकरा कागदांत जाणं तेवढं होतं, येणं कुठेच नव्हतं. तुला 'परत ये' म्हटलं असतं तर तू 'बघू' म्हणाला असतास. म्हणून इथे तुझं काहीतरी अर्धं ठेवून घेतलं. माणसाने खुशाल एकट्याने जावं, पण कुठेतरी त्याचं ताट मांडलेलं असावं. तुला वाटलं, आई गेली आणि ताट उचललं गेलं. तसं नव्हतं, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं माझ्याकडून. ती चूक माझी. आता जेव."

त्र्यंबक जेवले. ताकभाताचा शेवटचा घास संपला, बोटे चाटून झाली आणि दोन आठवड्यांनी त्यांचे पोट भरले.

जेवणानंतर थोडे पडून, उन्हे कलल्यावर, गुरुजींनी काठी घेतली. गावाबाहेरच्या टेकडीवर रोज एकट्याने फिरून यायचा त्यांचा नेम होता. ऐंशीच्या पुढचे वय, दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि वाटेत खडी पसरलेली. ते पायांत चपला सरकवत होते. त्र्यंबक ओसरीवर बसून पाहत होते, आणि पाहता पाहता त्यांच्या तोंडून, त्यांना कळायच्या आत, एक प्रश्न निघून गेला.

"गुरुजी, कधी याल?"

शब्द आईचे होते, सूरही तिचाच होता. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न त्यांनी विचारणाऱ्याच्या बाजूने ऐकला होता.

"सहाला," गुरुजी म्हणाले आणि समाधानाने टेकडीकडे निघाले. त्र्यंबक घरी गेले नाहीत. सहा वाजेपर्यंत ओसरीवर, वाटेकडे डोळे लावून बसून राहिले.