टायरवरचा बाण

सायकलच्या टायरवरचा बाण तुम्ही कधी पाहिलाय का? टायर कोणत्या दिशेने फिरायला हवा, हे तो सांगतो.

मिरजेजवळच्या एका गावात सायकल शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तपासणी चालू होती. शर्यत मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब मेघना खोतच्या सायकलीपाशी थांबले. पुढच्या चाकावरचा बाण खाली, जमिनीजवळ होता आणि त्याचं तोंड मागे होतं.

"टायर उलटा बसवलाय. हिला उद्या सोडायचं नाही," तात्यासाहेब सर्वांसमोर म्हणाले.

टायर मेघनाने स्वतः बसवला होता आणि तो बरोबर होता. चाक पुढे जाताना त्याची वरची बाजू पुढे जाते, खालची मागे येते. पण चारचौघांत चूक दाखवली तर तात्यासाहेब हट्टाला पेटणार आणि वर्षभराचा सराव वाया जाणार, हे ती ओळखून होती.

"तात्या, बाणाचं तोंड पुढे झालं तर चालेल?"

"चालेल की. पण आता टायर काढणार कधी आणि बसवणार कधी?"

"काढायचा कशाला? तुम्हीच हँडल धरा आणि सायकल जरा पुढे घ्या."

तात्यासाहेबांनी सायकल ढकलली. चाक अर्धं फिरलं आणि बाण वर आला.

"बास, थांबा," मेघना म्हणाली. "बघा, तोंड पुढे झालं. तुमचा हात लागला आणि टायर सुलट झाला."

माणसं हसू लागली. तात्यासाहेबांनी सायकल मागे घेतली, पुन्हा पुढे नेली आणि बाणाकडे नीट पाहिलं.

"मग आधीच आणायची नाही का माझ्याकडे?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघना पहिल्या रांगेत उभी होती आणि तात्यासाहेबांनी झेंडा दाखवून शर्यत सोडली.