मावळतीची ओळ

एका राज्यात सूर्य आपणहून मावळत नसे. दिवसभरात जे घडले त्याची एक ओळ राजदप्तरात चढली, की मगच तो डोंगराआड जाई. ती ओळ लिहिण्याचा मान कमळजेच्या घराण्याकडे होता. सात पिढ्या लिहीत आल्या, सात पिढ्या सूर्य मावळत आला. त्यात कोणाला काही नवल वाटत नसे.

नवल झाले ते राजा भद्रसेनाच्या हौसेपायी. नागाच्या पहाऱ्यातल्या एका हंड्यात त्याला सोन्याची लेखणी सापडली, आणि ती त्याने दरबारात कमळजेला दिली.

"बोरू टाका आता, बाई. हिला तासावे लागत नाही, की चालवून पाहावे लागत नाही."

कमळजा हरखली. घरी येऊन तिने कच्च्या कागदावर ओळ लिहिली, तोच लेखणी हळूच म्हणाली, "याहून चांगले सुचेल."

कमळजेने ओळ खोडली. दुसरी लिहिली. लेखणी म्हणाली, "याहून चांगले सुचेल." तीही खोडली. खोडता खोडता घरातले सगळे कच्चे कागद काळे झाले, आणि सूर्य डोंगरावर हातभर उंच होता, तो तिथेच खिळला.

घटिकापात्र भरे, बुडे. वर काढावे तर पुन्हा भरे. गाई गोठ्यात शिरत आणि बाहेर येत. कमळजा उठे, बसे, खिडकीशी जाई, घासलेली समई पुन्हा घाशी. पण लिहायला काही बसेना. त्या उजेडात तिची दोन वर्षांची जुई झोपेना. नवरा पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारी, तरी तिचे डोळे टक्क उघडे. आता तर रडायचेही त्राण तिच्यात उरले नव्हते.

राजवैद्य आले. नाडी पाहून म्हणाले, "अजून साठ घटिका अशाच गेल्या, तर पोरीची शाश्वती नाही."

कमळजेने कपाळावर हात मारला. "माझ्या लेकीची झोप मीच अडवून बसले आहे!"

तेवढ्यात खिडकीत एक पिंगळा येऊन बसला. डोळे तांबारलेले, पिसे विस्कटलेली.

"बाई, रात्र नाही म्हणून मी उपाशी आहे," तो म्हणाला. "तीन कामे कर. सुसरीच्या तळ्यातला बोरू आण. राक्षसिणीच्या चुलीवरची काजळी आण. आणि ही शापित लेखणी त्याच चुलीत घाल."

कमळजा निघाली. वाटेत तिची सावली लांबली नाही, की आखडली नाही.

तळ्याकाठी सुसर आडवी आली. "माझे वर्णन कर. जमले तर बोरू तुझा. नाही जमले तर तू माझी."

कमळजा उपमा शोधू लागली. एकही धड सुचेना. सुसर सरकत पायाशी आली, तशी ती घाबरून बोलून गेली, "तुझ्या पाठीवर शेवाळ आहे आणि तुझा डावा डोळा दुखतो आहे."

"खरे आहे," सुसर म्हणाली. "झोप नाही ना. ने बोरू."

राक्षसीण गुहेत आमटी ढवळत होती. तिने वाटी पुढे केली. "कशी झाली? विचार करून सांग."

विचार करायला कमळजेला सवड कुठली? तिने घोट घेतला, तोंड वाकडे केले. "खारट."

राक्षसिणीने पळी खाली ठेवली. "शंभर वर्षे सगळे वाहवा करून गेले. मेल्यांना सांगायला काय झाले होते? घे काजळी, हवी तेवढी."

कमळजेने लेखणी चुलीत टाकली. "याहून चांगले…" म्हणता म्हणता ती वितळली.

शाप गेला म्हणून कमळजा धावत घरी आली. काजळी डिंकात घोटून तिने शाई केली. दप्तर उघडले. आणि काही म्हणता काही सुचेना! लेखणी नव्हती, पण तिचे बोलणे कानात राहिले होते. कमळजेला रडू फुटले.

निदान बोरू तरी तासावा म्हणून तिने चाकू घेतला. वडिलांनी हाताला लावलेली सवय अशी, की तासलेला बोरू आधी चालवून पाहायचा, मनात येईल ते लिहायचे. कच्चा कागद तर एकही कोरा नव्हता. तेव्हा तिने दप्तराच्याच पानावर बोरू टेकवला.

'आज सकाळी जुईने शेवग्याची शेंग चोखली आणि चोथा माझ्या हातावर ठेवला.'

बोरू बरा चालत होता. पण अक्षरे दिसेनात, म्हणून तिने वर पाहिले. सूर्य गेला होता. पिंगळा केव्हाच शिकारीला उडाला होता.

राजा धापा टाकत आला. समईच्या उजेडात त्याने पान वाचले. "बाई, राजदप्तरात शेवग्याची शेंग?"

"तेच घडले, महाराज."

राजा आणखी काही बोलणार, तोच कमळजेच्या नवऱ्याने ओठांवर बोट ठेवले. त्याच्या खांद्यावर जुई तोंड उघडे टाकून झोपली होती. राजाने जोडे काढून हातात घेतले आणि तो पाय न वाजवता बाहेर गेला.

त्यांची सांज झाली, तशी तुमचीआमची वेळेवर होवो.