लाल भाताचा मुडा

शके अठराशे ऐंशी, हेमंत ऋतू, मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष. खाडीकाठच्या एका गावी तेव्हा एक वृद्ध शेतकरी राहत होता. खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारचा चाळिशीचा एक गृहस्थ त्याचा शिष्य होता.

वृद्धाची एक रीत होती. शेताच्या कोपऱ्यात तो दरवर्षी लांब कुसळाचे, खाऱ्या मातीतही तग धरणारे लाल भात लावी. ते वेगळे कापी, वेगळे झोडी आणि बियाण्याचा मुडा पेंढ्यात घट्ट बांधून आढ्याला टांगी. नवा मुडा चढला की जुना पाखरांना घाली. स्वतः त्याने त्यातला दाणा कधी तोंडात टाकला नाही.

लोक म्हणत, "म्हाताऱ्याने जावयासाठी राखलंय." त्याला मुलगीच नव्हती.

त्या भाद्रपदात उधाणाने शिष्याचा बांध फोडला. पीक गेले, म्हणजे पुढच्या सालचे बियाणेही गेले. त्याची नजर त्या मुड्यावर होती. मागायचे धैर्य होत नव्हते.

एके सकाळी जहाजाने माल नेणारा एक व्यापारी गावात आला. पारावर बसून त्याने वर्तमानपत्र वाचून दाखवले. फार दूरच्या एका बेटावर समुद्र चढला होता. लोक टेकडीवर पळाले आणि सगळेच्या सगळे वाचले. पण शेतांत खार भरला आणि बियाण्याचा एक दाणा उरला नाही.

वृद्ध उठून घरी गेला. मुडा काढून आणला आणि व्यापाऱ्यापुढे ठेवला.

"हा तिकडे पोचवा."

व्यापारी हसला. "म्हातारबा, त्या बेटाचं नाव तरी घेता येतं का तुम्हाला?"

"तुम्हाला येतं ना? पुरे झालं."

शिष्याला राहवले नाही. "आबा, माझी चार पोरं आहेत. माझं शेत इथून हाकेवर. ते सोडून हे कुठे पाठवता?"

"खाली बस," वृद्ध म्हणाला. "मी आठ वर्षांचा असताना या गावाचा बांध फुटला. बी उरलं नाही. तेव्हा वादळात सापडलेलं एक गलबत खाडीत शिरलं. त्या लोकांची भाषा इथे कोणाला कळेना. त्यांनी आमची शेतं पाहिली आणि घरी न्यायचं स्वतःचं बियाणं, हेच लाल भात, काढून दिलं. ते कुठले, हे माझ्या बापाला कळलं नाही. मग ते बी परत कुणाला करायचं? बाप म्हणाला, समुद्र ज्याच्या शेतात शिरेल आणि ज्याला शेजारी नसेल, त्याला. तुला शेजारी आहे. माझ्या कणगीतलं नेहमीचं बी घेऊन जा. तुझ्या शेतातला खार एका पावसात धुऊन जाईल."

"आणि तुम्ही काय पेराल?"

"काही नाही. तुझ्या बांधावर माती टाकीन."

शिष्याची मान खाली गेली. व्यापाऱ्याने मुडा स्वतः उचलला. भाड्याचे नाव काढले नाही.

पुढच्या सालच्या माघात व्यापारी परत आला. त्याच्याजवळ बेटावरचे पत्र होते. दुभाष्याकडून त्याने ते समजून घेतले होते. तो पारावर बसून सांगू लागला.

लाल भात बेटावर उभे राहिले होते. पहिली लोंबी निघाली तेव्हा तिथल्या सर्वांत वृद्ध बाईने ती हातात घेतली, कुसळ गालावरून फिरवले आणि ती रडू लागली. हे भात तिच्या लहानपणी तिथे पिकत असे. पुढे रोग पडला आणि ते नाहीसे झाले. ती म्हणाली, "माझा बाप सांगायचा, वादळात एका परक्या खाडीत शिरलो होतो. तिथल्या शेतांत समुद्र भरला होता. गलबतातलं बी त्यांना देऊन आलो."

पारावरचे सगळे वृद्धाकडे वळले.

वृद्धाने पागोटे काढून मांडीवर ठेवले. त्याने खाडीच्या तोंडाकडे पाहिले.

"फिटलं," तो म्हणाला.